कढईवरचं झाकण

"पुन्हा शिजवलं म्हणजे काय? ते शिजलेलंच होतं!"

"शिजलेलं?" सासूबाई म्हणाल्या. "गाजर दाताखाली कटकट वाजत होतं गं. मी आपलं जरा पाणी घातलं, झाकण ठेवलं, वीस मिनिटं बारीक आचेवर..."

"वीस मिनिटं!"

सुनेने, म्हणजे कात्रीने, झाकण उचललं. वाळलेले कपडे काढायला ती गच्चीवर गेली, तेव्हा कढईत हिरवागार घेवडा होता, केशरी गाजर होतं, नुसती आच दाखवल्यासारखा परतलेला कोबी होता. आता सगळ्याचा रंग एकच झाला होता, तोही कुठला ते सांगता येत नव्हतं.

शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ती सत्तावीस वर्षं कापड कापत होती. म्हणून ती कात्री. सासरची माणसं हे नाव तिच्या जिभेला उद्देशून घेत, तिला दोन्ही मान्य होतं. कारखान्यातले मुख्य कटर आता निवृत्त होणार होते. नमुने बेतायचा तीन महिन्यांचा वर्ग जो पूर्ण करील, त्याला ती जागा. वर्ग आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सातला. येत्या सोमवारपासून.

"मग स्वयंपाक कोण करणार?" वर्गाचं ऐकताच सासूबाईंनी विचारलं होतं.

"मीच. सात मिनिटांत."

"सात मिनिटांत स्वयंपाक होत नाही, टाळला जातो."

हा स्वयंपाक तिला गुंड्यांची काजं करायच्या मशीनवरच्या बाईंनी शिकवला होता. त्या चीनमधल्या. त्यांच्याकडे शब्द मोजकेच होते, पण जेवणाच्या सुट्टीत हातवारे करून त्यांनी सगळं सांगितलं: आधी सगळं चिरून घ्यायचं, एका मापाचं, मगच आच पेटवायची. एकदा पेटवली की थांबायचं नाही. कात्रीला ते लगेच पटलं. कापड असंच तर कापतात! ती सकाळी चहा उकळेपर्यंत भाज्या चिरून डब्यात भरू लागली. नवऱ्याला डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं होतं. इथे चौघांत मिळून दोन चमचे तेल लागत होतं.

"आज बिघडलं ते कुणामुळे?" ती म्हणाली. "मी तीनदा हाका मारल्या. हे पेपरात, ही फोनात."

"मी 'आलेच' म्हटलं होतं," मुलगी म्हणाली.

"तुझं 'आलेच' म्हणजे अर्धा तास. एवढ्यात वरणसुद्धा शिजेल."

"अगं, आईचा हेतू चांगला होता," नवरा पेपराआडून म्हणाला. "आणि खरं सांगू? कोपऱ्यावरच्या गाडीवरचं चायनीज कसं झणझणीत असतं."

"त्या नूडल्सचा लाल रंग तुमच्या शर्टावरून तीन धुण्यांत गेला नाही. पोटात काय करत असेल?"

मुलगी फिसकन हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

"माझ्या दातांचा विचार केलास का?"

"केला. तुमचं गाजर मी सुतासारखं बारीक चिरते, वेगळं. आणि दुपारी शेंगदाणे खाताना दात असतात, ते संध्याकाळी कुठे जातात?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं मी दोन-दोन तास शेगडीपाशी उभी राहिले. ते काय उगाच?"

कात्रीच्या ओठावर आलेलं उत्तर तिने गिळलं. म्हातारीचे पाय संध्याकाळी किती सुजत, ते तिने पाहिलं होतं. रात्री तेल तिनेच लावलं होतं.

"उगाच नाही, आई. पण मी उभी राहणार नाही."

तिने कढईतलं पातेल्यात ओतलं आणि फ्रिजमधून उद्याच्या चिरलेल्या भाज्यांचा डबा काढला. "बसा सगळे. पेपर बाजूला. फोन पालथा. आई, तुम्हीसुद्धा."

तिसरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेव्हाच तिने गॅस पेटवला. लोखंडी कढईतून धूर निघाला. तेल, आलं, लसूण. आधी गाजर, मग घेवडा, शेवटी कोबी. दोन अंडी फोडून एका बाजूला हलवली, सोया सॉसची एक धार, थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर. मुलगी घड्याळ बघत होती. साडेसहा मिनिटांत भातावर भाजी पडली, वाफ निघत असतानाच.

नवऱ्याने दुसऱ्यांदा घेतलं.

"कच्चंच आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या दातांखालच्या गाजराचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला. त्यांच्या ताटात काही उरलं नाही.

कात्रीने ताटं उचलली, कढई पुसली, झाकण धुतलं आणि स्टुलावर चढून ते माळ्यावर, जुन्या सुटकेसच्या मागे ठेवून दिलं.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार मी साडेसहाला घराबाहेर पडणार," ती स्टुलावरूनच म्हणाली. "जेवण सहाला. तुम्ही तिघंही खुर्चीवर बसल्याशिवाय गॅस पेटणार नाही. आणि जो येणार नाही, त्याच्यासाठी चिरलेली भाजी फ्रिजमध्ये आहे, कढई ओट्यावर आहे, आणि सात मिनिटं प्रत्येकाकडे असतात."