फिल्टरची हिवाळ्यातली खोली

ऑक्टोबर सरत आला की शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये शेजारीपाजारी भोपळे कोरायला बसतात आणि मी गॅरेजमध्ये नळ्या सोडवायला बसते. माझा खिडक्या धुण्याचा धंदा आहे. धंदा म्हणजे एक जुनी व्हॅन, दोन शिड्या, चार बादल्या आणि मी. उन्हाळ्यात घरांच्या खिडक्या धुते आणि हिवाळ्यात फक्त दुकानांच्या, कारण बाहेर कितीही बर्फ पडलेला असो, दुकानदाराला आतला माल रस्त्यावरून दिसायला हवाच असतो.

हिवाळ्याची तयारी हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलं की हमखास अंगाशी येतं. काचेवरचं पाणी ओढायच्या पट्टीचं, स्क्वीजीचं, रबर बदलायचं, कारण नेहमीचं रबर थंडीत कडक होऊन काचेवर रेघा सोडतं. बादलीत गाडीच्या काचेसाठी मिळणारं निळं, न गोठणारं पाणी मिसळायचं. लांब नळ्यांमधलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं. आणि शेवटी फिल्टर. उंचावरच्या खिडक्या जमिनीवर उभं राहून लांब दांडीच्या ब्रशनं धुवायच्या तर अगदी शुद्ध पाणी लागतं. ते करून देणारी ही कमरेएवढी टाकी, चाकांच्या गाड्यावर बसवलेली. माझ्या सगळ्या सामानातलं हे सर्वांत लाडावलेलं कार्टं. गोठली की फुटते आणि आतून पार सुकली तरी कामातून जाते. आमच्या टाउनहाउसला तळघर नाही, गॅरेज जानेवारीत नुसतं बर्फाचं खोकं होतं, म्हणून टाकीबाई दर वर्षी खालच्या पाहुण्यांच्या खोलीत हिवाळा काढायच्या.

त्या वर्षी त्या खोलीत माझ्या सासूबाई होत्या.

आई नागपूरच्या. एप्रिलमध्ये सासरे गेले आणि दिवस झाल्यावर माझा नवरा फ्लॅटला कुलूप लावून त्यांना इकडे घेऊन आला. ग्रीन कार्ड आधीच झालेलं होतं, त्यामुळे राहायला अडचण अशी काहीच नव्हती. अडचण आईंचीच होती. आल्या दिवशी त्यांनी आपली मोठी निळी बॅग पलंगाशेजारी उभी केली आणि ती उपसलीच नाही. सकाळी तिच्यातून एक साडी काढायच्या आणि धुऊन वाळलेली घडी करून परत तिच्यातच ठेवायच्या. कपाट मी दोनदा पुसून ठेवलं, त्यात कागद अंथरले, हँगर लावले. ते तसंच रिकामं राहिलं.

बोलणं म्हणजे 'हो', 'नको' आणि 'झालं'. एकदाच त्या पूर्ण वाक्य बोलल्या, मुलाला. "बर्फ पडायच्या आत मला पोचवून दे." त्यानं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यातलं तिकीट काढलं. मी भडकले. तिथं कोण आहे, कुलूप कोण उघडणार, रात्री दुखलं खुपलं तर काय करणार? तो शिकागोहून ट्रेननं थकून आलेला, बूट काढत म्हणाला, "तिची इच्छा आहे, यार. मी तिला फोर्स कसा करू?" त्याचंही बरोबर होतं, आणि म्हणून मला जास्तच राग आला.

सरळ सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. सुनेला सासू हवी असते यावर कुणी विश्वास ठेवत नाही, माझ्या पुण्याच्या बहिणीही ठेवत नाहीत. पण मी हा धंदा सुरू केला तेव्हा याच बहिणी म्हणाल्या होत्या, "काचा पुसायला अमेरिकेला गेलीस का?" आईंनी नागपूरहून फोन करून एवढंच विचारलं होतं, "आज किती काचा झाल्या गं?" मी आकडा सांगितला. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुढे जवळजवळ रोज तेच.

ते का विचारायच्या हे मला खूप उशिरा कळलं. सासरे वीज खात्यात लाइनमन होते. संध्याकाळी ते दारात आले की आई विचारायच्या, "आज किती खांब झाले?" उंचावर काम करणाऱ्या माणसानं तोंडानं आकडा सांगितला म्हणजे तो तेवढ्या सगळ्या खांबांवरून खाली उतरून घरी आलाय, असा त्यांचा हिशेब. मी शिडीवर चढते हे कळल्यापासून मीही त्या हिशेबात धरली गेले होते. सासरे गेल्यापासून मात्र त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. मी संध्याकाळी दार जरा जोरातच लावायचे. आतून काही यायचं नाही.

खंडेनवमी आली. घरात वर्ष चालू होतं, त्यामुळे सणवार नव्हतेच. पण हत्यारांना कसलं आलंय सुतक, असं म्हणून मी गॅरेजमध्ये चादर अंथरली आणि त्यावर स्क्वीज्या, ब्रश, शिड्या मांडल्या. नाही तरी हिवाळ्यासाठी सगळं धुऊन पुसून काढायचंच होतं. आई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी हळदीकुंकवाची कोयरी त्यांच्या हातात दिली.

"मी नको," त्या म्हणाल्या. "तू कर. मी आता..."

"आई, तुम्ही पन्नास वर्षं लाइनमनच्या पकडी पुजल्यात. मला पुण्यात फक्त पाटीपूजन शिकवलंय. तुम्ही करणार नसाल तर मी हे सगळं आत्ताच्या आत्ता उचलून ठेवते." हे मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. मला गोड बोलून पटवता येत नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि पाटावर बसल्या. मी आत जाऊन नैवेद्याचा शिरा बघितला. परत आले तेव्हा पूजा झाली होती, प्रत्येक वस्तूवर नीट बोटं उमटली होती, आणि त्या दिवशी आई जेवताना दोनदा शिरा घेऊन चक्क "साखर कमी आहे" असंही म्हणाल्या. मला कोण आनंद झाला.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मी गावातल्या एका बेकरीची काच धुवायला गेले. पहाटेचा अंधार होता, दुकान उघडायच्या आत काम उरकायचं होतं. घरी येऊन चहा टाकते तोच बेकरीवाल्या बाईंचा फोन आला. त्या वयस्क आहेत, फार सभ्य आहेत, त्यामुळे त्यांना कसं सांगावं ते कळेना. त्यांच्या खिडकीच्या पांढऱ्या चौकटीवर गुलाबी ओघळ आले होते.

मी व्हॅनमध्ये जाऊन बघितलं. काच ओली करायची ती दांडी असते, तिच्यावर मोज्यासारखं जाड लोकरी कव्हर चढवलेलं असतं. कव्हर वरून स्वच्छ होतं. ते ओढून काढलं तर आतल्या दांडीवर हळदकुंकवाचा जाड थर, भिजून लगदा झालेला. साबणाच्या पाण्यात हळद लाल होते हे प्रत्येक मराठी बाईला माहीत आहे. मी कपाळाला हात लावला.

आई मागे येऊन उभ्या होत्या. "काय झालं?"

"तुम्ही याचं कव्हर काढलं होतं का?"

"मग? हत्यार म्यानात ठेवून पुजतात का कुठं? ह्यांची पकड मी उघडून पुजायची. पूजा केली, कव्हर परत घातलं." मग त्यांना उमगलं. चेहरा पडला. "काच खराब झाली का कुणाची?"

मी नाही म्हणणार होते, पण त्यांना खोटं चालत नाही. झालं ते सांगितलं. त्यांनी स्वेटर घातला, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट चढवलं आणि व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. देवळाखेरीज त्या कुठंच जात नव्हत्या, म्हणून मी गुपचूप गाडी काढली.

ऊन चढलं होतं. बेकरीच्या चौकटीवर वरपासून खालपर्यंत गुलाबी ओघळ, कोपऱ्यात तर चांगला लाल डाग. आई फुटपाथवर उभ्या राहून बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले, आणि मी हात पुढे केला तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, दुकानाची ओटी भरून आलीस तू," त्या म्हणाल्या. एप्रिलपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. बेकरीवाल्या बाई बाहेर आल्या, त्यांना काहीच कळलं नाही, पण एकीचं हसू दुसरीला लागतंच, त्याही हसायला लागल्या. मी चौकट घासत होते, आणि माझ्या मागे दोन म्हाताऱ्या एकमेकींची भाषा येत नसताना बोलत होत्या. निघताना आईंच्या हातात दालचिनीचा रोल होता.

म्हणून सगळं बदललं असं नाही. बॅग उभीच होती, तिकीट तसंच होतं. फक्त आई आता दुपारी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायला लागल्या. मी रबरं कापायचे, त्या जुनी फडकी घडी करायच्या. "काय करून राहिली?" असं अधूनमधून विचारायच्या आणि मी सांगायचे. फिल्टरचंही सांगितलं, गोठू द्यायचा नाही, सुकू द्यायचा नाही, दर वर्षी कुठं ठेवते तेही. त्या म्हणाल्या, "मग या वर्षी?" मी म्हटलं, "बघू, हॉलमध्ये सोफ्यामागे ठेवीन." तुम्ही जाईपर्यंत, हे शब्द मला काढवले नाहीत.

नोव्हेंबरच्या मध्याला कडक थंडीचा इशारा आला. मी सकाळी टाकी हॉलच्या दारापर्यंत ढकलून आणली आणि कामाला गेले. दिवसभर वारा इतका बोचरा होता की एकावर एक हातमोजे घालूनही बोटं कळत नव्हती. चार दिवसांत तिकिटाची तारीख येत होती. काचा पुसताना मी मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत होते, मग आईंशी, मग गेलेल्या सासऱ्यांशी.

दिवेलागणीला घरी आले तर दाराशी टाकी नव्हती. नळ्यांचा ढीग तेवढा पडला होता. मी आईंच्या खोलीत डोकावले. पलंगाशेजारी जिथं निळी बॅग असायची तिथं टाकी उभी होती, आणि तिच्यावर आईंनी नागपूरहून आणलेली, सासऱ्यांची करड्या रंगाची शाल पांघरलेली होती. आई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या.

"एकटीनं ढकलत आणली?" मी विचारलं.

"चाकं आहेत ना तिला." त्यांनी मान वर केली नाही. "हॉलचं दार सारखं उघडतं. तिथं गार लागेल तिला. राहू दे इथं, मी बघते तिच्याकडे."

मला भलतंच विचारायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "आणि बॅग?"

"ती घे तुझ्या नळ्यांना. गॅरेजमध्ये ठेवलीय. रिकामीच आहे."

मी कपाटाचं दार उघडलं. सगळ्या साड्या हँगरवर होत्या, रंगांप्रमाणे लावलेल्या. मी दाराची कड धरून उभी राहिले. मागून आई म्हणाल्या, "तिकिटाचं तू त्याला सांग. मी सांगितलं तर तो उगाच रडत बसेल." मग सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आज किती काचा झाल्या गं?"

दिवसभर मोजलेला आकडा मला काही केल्या आठवेना.