नंबर पुसायचा न्हाय

करिश्माला खुर्चीवरून उठवणं सोपं नाही, हे साखर कारखान्याच्या यार्डात आता लहानथोर सगळ्यांना माहीत झालंय. ईट गावच्या, शेळ्या राखणाऱ्या घरातली ती लेक, तामलवाडीत दिलेली. भूमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली, लग्न झालं आणि कारखान्यात नंबर घ्यायच्या कामाला लागली. उसाचा ट्रॅक्टर आला की खिडकीतून त्याचा नंबर लावायचा, पाळी आली की भोंग्यावर पुकारायचं, मग ट्रॉली वजनकाट्यावर जाते. ऐकायला काम एवढंसं. पण त्या नंबरापायी माणसं दिवसदिवस उन्हात बसतात आणि इकडं ट्रॉलीतला ऊस वाळत राहतो.

हापिसातलं मशीन म्हणजे निव्वळ डबडं. एक नोंद टाकली की हार्डडिस्क करकर करत बसायची आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न द्यायचे. करिश्मानं वैतागून स्वतःच उपाय काढला. पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला, त्याला नोंदी ठेवणारं एसक्यूलाइट जोडलं आणि नंबरांचा सगळा डेटाबेस डिस्कवर न ठेवता सरळ मेमरीत उघडला. बटण दाबलं की नंबर. हॉर्न बंद झाले.

सगळ्यात जास्त कौतुक केलं ते शेतकी अधिकारी रणधीर साहेबांनी. "डिस्कवर काहीच ठेवू नका मॅडम, उगं झंझट नको," म्हणाले. करिश्माला वाटलं, चला, कुणीतरी कदर केली.

कदर कसली आलीय. मेमरीतला डेटा प्रोग्राम चालू आहे तोवरच जिवंत असतो. प्रोग्राम बंद केला की सगळं साफ, मागं काही उरत नाही. हे तिनंच साहेबांना हौसेनं समजावून सांगितलं होतं. मग चारला कामगारांची पाळी बदलताना साहेब स्वतः यायला लागले. "जरा बंद करून चालू करा, मशीन ताजं होऊ द्या." मशीन ताजं व्हायचं आणि यार्डातले सगळे नंबर जायचे. मग खिडकीशी जो आधी, तो पहिला. आणि खिडकीशी नेमके साहेबांच्या चुलत्याचे तीन लाल ट्रॅक्टर उभे. पहिल्यांदा तिला तो योगायोग वाटला. पुन्हा तसंच झालं तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. साहेबांचा राग आलाच, पण आपण घाम गाळून लिहिलेल्या गोष्टीनं लोकांची पाळी मारली जातेय, याचा जास्त आला.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रोग्राममध्ये भर घातली. दर दहा मिनिटांनी मेमरीतल्या अख्ख्या डेटाबेसची कॉपी पेनड्राइव्हवर जायची, आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला की आधी तीच कॉपी वर यायची. लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही. चारला साहेब आले तसं तिनं तोंडावर सांगितलं.

"कुणाला विचारून केलं?" साहेब म्हणाले.

"नंबर पुसताना तुम्ही कुणाला विचारलं व्हतं?"

"काढून टाका ते. आत्ता, माझ्यासमोर."

"न्हाय काढणार."

"नोकरी जाईल, मॅडम."

"जाऊ द्या. माझ्या बापाच्या दावणीला अजून शेळ्या हायत."

साहेब खाली वाकले आणि मशीनची वायर खसकन उपटली. पडदा काळा झाला. बाहेर नंबर न लावलेले लाल ट्रॅक्टर सुरू झाले, आणि ते बघून बाकीचे ड्रायव्हर खिडकीशी धावले.

करिश्मानं वायर पुन्हा खोचली. डबडं आपल्या चालीनं जागं झालं. नंबर आले, पहिल्यापासून ओळीनं. गर्दीत कुणीतरी सुस्कारा टाकला.

फक्त एक नंबर आला नाही. शेवटची कॉपी झाल्यावर एकच ट्रॉली लागली होती, आणि ती तिच्या थोरल्या दिराची, बलभीमची. साहेबांच्या ते लगेच ध्यानात आलं.

"घाला की हातानं भावजींचं नाव," साहेब हसून म्हणाले. "मग आमची तीन बी तशीच घाला."

बलभीम खिडकीशी आला. पहाटेपासून उसाच्या फडात राबून त्याचे डोळे लाल झाले होते. "करिश्मा, माझा नंबर व्हता."

"व्हता, भावजी. म्याच दिला व्हता." रात्री याच माणसाला ताट वाढायचं होतं, सासूच्या देखत. पण तिनं माइक ओढला. "ऐका सगळ्यांनी. कॉपीत हाय तेवढंच खरं. बाकीच्यांनी शेवटाला जायचं. बलभीम भावजी, तुम्ही बी."

बलभीम ट्रॅक्टरवर चढला, ट्रॉली वळवली आणि पार यार्डाच्या टोकाला, शेवटच्या ट्रॉलीमागं नेऊन लावली. खाली उतरून त्यानं लाल ट्रॅक्टरवाल्यांना हात केला.

"या, माझ्यामागं लावा," तो मोठ्यानं म्हणाला. "आमच्या करिश्मानं पुकारल्याबिगर हितून कुणी हलायचं न्हाय. मी बी न्हाय."

साहेबांनी नंतर तिच्या नावानं 'कारणे दाखवा' नोटीस काढली. ती टेबलाच्या काचेखाली आहे, कुणालाही वाचता येते. करिश्मा अजून त्याच खुर्चीवर आहे. दहा मिनिटांनी कॉपी घ्यायचं तिनं त्याच दिवशी काढलं आणि दर नंबराला कॉपी, असं करून टाकलं. त्यानं काम जरा रेंगाळतं, ड्रायव्हर कुरकुरतात. कुरकुरू द्या.