खबरेपुरती बॅटरी

त्या पावसाळ्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे झाले असतील, तर रेडिओच्या बॅटरीचे. आम्हा पोरांना धपाटे मिळत, तिला गोणपाटाचं आसन मिळे.

आम्ही जैनाबादचे, केळीवाले. गावात वीज नव्हती. वडिलांनी हौसेनं घेतलेला रेडिओ मोटारीत असते तसल्या जड बॅटरीवर चाले. ती उतरली की आमचा गडी डोक्यावर घेऊन नावेतून तापी ओलांडे आणि पलीकडच्या शहरात शनवाऱ्यातल्या दुकानातून चार्ज करून आणी. तिच्यातलं तेजाब सांडून त्याच्या सदऱ्याला भोकं पडत, आणि नवा सदरा वडिलांनाच शिवून द्यावा लागे. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते हे.

पण नदीला पूर आला, नाव बंद झाली आणि नेमकं त्याच वेळी दिल्लीचं सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं. माझी थोरली बहीण त्याच राज्यात, जालन्याकडे दिलेली होती. तिकडे आधीपासूनच लुटालूट, जाळपोळ चालू होती आणि तिची पत्रं केव्हाच थांबली होती. ती जिवंत आहे की नाही, एवढा एकच प्रश्न घरात होता आणि तो कुणी तोंडावर आणत नव्हतं.

वडील मुळात जमदग्नी. त्यांनी फर्मान काढलं, फक्त संध्याकाळच्या बातम्या. डायलमधला दिवा काढून टाकला, तोही बॅटरी खातो म्हणून. कंदिलाच्या उजेडात दिल्ली सापडावी यासाठी आईनं काचेवर कुंकवाचं बोट लावलं. काकूनं सुचवलं, टॉर्चचे सेल उन्हात ठेवतात तशी हिलाही ठेवून पाहू. वडिलांनी असे डोळे वटारले की ती थेट चुलीपाशी जाऊन बसली.

बातम्यांना अंगण भरे. शेजारचे विणकर चाचाही येत. त्यांची मुलगी औरंगाबादला दिलेली. आम्हाला निजामाच्या माणसांची धास्ती, त्यांना आता सूड घ्यायला उलटून येणाऱ्या जमावाची. दोघे बाप एकाच खोक्याला कान लावून बसत आणि एकमेकांशी अक्षरही बोलत नसत.

एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, याले कायले बसवता?"

"रेडिओ माझा हाये," वडील वळूनही न पाहता म्हणाले. "तुले ऐकाचा नसन तं घरी जाय."

आवाज रोज बारीक होत गेला. नदी उतरायचं नाव घेईना. वडील सकाळ-संध्याकाळ घाटावर जाऊन पाणी बघून येत आणि आल्यावर कुणावर तरी खेकसत. मला त्या बॅटरीचा इतका राग येई, वाटे, एक लाथ घालावी. माझी आक्का तिकडे आणि आम्ही इथे हिच्या मर्जीवर!

मग ती संध्याकाळ आली. आवाज इतका खोल गेला होता की शेजारचं लेकरू रडलं तर सगळ्यांनी त्याच्या आईकडे रागानं पाहिलं. "हैदराबाद" एवढं कळलं, पुढे खरखर. वडिलांनी कान जाळीला चिकटवला. कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती. शेवटी त्यांनी मान वर केली.

"निजामानं हात टेकले."

अंगणात एकच जल्लोष झाला. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मीही रडले. आक्का आता वाचणार, असं मनानं धरलंच. आई डोळे पुसत आत पळाली आणि गूळ फोडू लागली.

चाचा तेवढे जागचे हलले नव्हते. "भाऊ," ते म्हणाले, "औरंगाबाद का कुछ बोले क्या? बायका-पोरांचं?"

वडिलांनी नकारार्थी मान हलवली. मागून लोक ओरडत होते, "आवाज वाढवा, आता भाषण लागन!" वडिलांनी खटकन रेडिओ बंद केला.

काका चिडले. "दादा, आज तं ऐकू द्या!"

"माझ्या पोरीपुरतं ऐकलं," वडील म्हणाले. "उरली तेवढी बॅटरी याच्या पोरीसाठी ठेवा लागन."

दोघे-तिघे पुटपुटत उठून गेले. चाचांनी तोंडावर उपरणं धरलं. आई गुळाचा डबा घेऊन दारात उभी होती आणि माझा हात पुढे झालेलाच होता. तिनं चाचांकडे पाहिलं, डब्याला झाकण लावलं.

"थांब," ती मला म्हणाली, "दोघींची खबर आली की वाटू."