आईच्या आज्याचा खांदा

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी सैनिक रंगवते. बोटाएवढे, प्लास्टिकचे, जुन्या लढायांमधले. खोक्यातून येतात तेव्हा ते नुसते राखाडी असतात. गणवेश, पट्टे, बूट आणि डोळे त्यांना मी देते. मांडवीच्या किनाऱ्याजवळ आमच्या घरात खिडकीशी टेबल आहे, रविवारची सकाळ तिथेच जाते. इथल्या दमट हवेत रंग लवकर वाळत नाही. एक हात दिला की मध्ये भाजी निवडून होते, मग दुसरा हात.

आई याला भातुकली म्हणायची. रागाने नाही, पण चाळिशी उलटलेल्या लेकीच्या या नादाचं काय करावं, हे तिला कळत नसे. बाबा गेल्यावर ती गावाहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. माझे सैनिक तिला रंगीत ठिपक्यांसारखे दिसत असणार.

ऑपरेशनं झाली आणि तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. एक दिवस माझ्या सैनिकांचं कपाट पुसता पुसता ती थांबली. एक फ्रेंच घोडेस्वार उचलून उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

“ह्याला डोळे हायत गो,” ती म्हणाली.

मग तिने एकेक करून सगळेच पाहिले. शेवटी विचारलं, यांत आपला कोणी नाही का?

तिचा आजा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला होता. हे मी लहानपणापासून ऐकत होते, पण एवढंच. त्याचा फोटो कधी निघालाच नव्हता. आईला मात्र तो चांगला आठवत होता. ती शाळेत जायला लागेपर्यंत तो होता, लांज्याकडच्या घराच्या ओटीवर तिला मांडीवर घेऊन बसायचा. इतकी वर्षं मी परक्यांच्या फौजा रंगवत होते आणि हा माणूस कधी माझ्या मनातही आला नव्हता.

मी त्या काळच्या हिंदी पलटणीतले सैनिक मागवले. त्यातला एक, बंदूक बाजूला धरून ताठ उभा असलेला, आईनेच निवडला. नेहमीच्या कातडीच्या रंगात थोडा तपकिरी मिसळून मी तो रंगवला. आईने हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणाली, हा साहेब झाला.

मी रंग काढून टाकला. या वेळी आईचा हात खिडकीत धरला आणि त्याच्या शेजारी ठेवूनच रंग कालवला. पण तोंडाचं काय करायचं? आज्याचं नाक कसं होतं, हनुवटी कशी, मी विचारत राहिले. तिला डोळ्यांसमोर दिसत होतं, पण शब्दांत सांगता येईना. मग तिला आठवलं की तिचे वडील तिला नेहमी म्हणायचे, तू तोंडाने माझ्या बापावर गेलीस.

तेव्हा मी तिलाच समोर बसवलं. आईचं तोंड इतका वेळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिचे कान सुपासारखे पुढे आलेले आहेत, डावी भुवई शेवटाला किंचित वर जाते. पुट्टी लावून मी सैनिकाचे कान वाढवले, नाक रुंद केलं. ती न हलता बसायची आणि आज्याच्या गोष्टी सांगायची. बाबा गेल्यापासून ती एवढं बोलली नव्हती.

तोंड जमत आलं, तेव्हा तिला एक गोष्ट आठवली. लढाईत गोळी लागून आज्याचा डावा खांदा कायमचा पडला होता. तो वाकडाच उभा राहायचा, वाकडाच चालायचा. मी सुरीचं पातं गरम करून ठेवलं. म्हटलं, हात कापून खांदा खाली घेते, काही कठीण नाही. आईने सैनिक हातात घेतला. पातं निवलं तरी तिने तो दिला नाही.

“सरळच ठेव,” ती म्हणाली. “मी त्याला सरळ उभा कधी बघितलाच नाय. जरा बघूंदे.”

पायाखाली बसऱ्यासारखी वाळू हवी होती. मांडवीची वाळू काळी, म्हणून आम्ही रिक्षा करून भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो आणि आईने रुमालात पांढरट वाळू बांधून आणली. ती तिनेच डिंक लावून चिकटवली.

मे महिन्यात आम्ही तो कापसात गुंडाळून, डब्यात घालून एसटीने लांज्याकडे, आईच्या माहेरी नेला. मामाने चष्मा काढून अगदी जवळून पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाला, एक माझ्यासाठी पण कर. तोवर शेजारपाजारची माणसं बघायला आली होती. त्यांत एक म्हातारी होती, तिचे वडील ब्रह्मदेशच्या लढाईत होते. फोटो त्यांचाही नव्हता. आईने मला न विचारता तिला हो म्हणून टाकलं.

आता खिडकीशी दोन खुर्च्या आहेत. मामाचा आजा वाळतो आहे. म्हातारीच्या वडिलांचं खोकं अजून पोस्टातून यायचंय, पण आईने काम सुरू केलं आहे. कालच ती फोनवर म्हातारीला विचारत होती, तुमचे बाबा हसले की खळी पडायची काय, आणि कुठल्या गालाला.