बॅटरीतलं पाणी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मधेच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. आता काय सांगू तुम्हाला, बावीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईने काय करून ठेवलं!

आमचं घर गुहागरच्या अलीकडच्या एका वाडीत. नवरा मुंबईला नोकरीत. वाडीत छपरावर सोलर पहिल्यांदा बसवलं ते मी. वीज गेली की उजेड फक्त माझ्या घरी! येईल त्याला ऐकवायचे, "धूर नाही, घाण नाही, निसर्गाला काडीचा त्रास नाही."

पाच वर्षांनी बॅटरी मेली. भंगारवाल्याचा टेम्पो वरच्या रस्त्यापर्यंतच येतो, आणि आमची पाखाडी म्हणजे सत्तर पायऱ्या. ते धूड चढवणार कोण? मग डोकं चालवलं. आत पाणीच तर आहे! दर दोन महिन्यांनी मीच ओतत होते की. रिकामी केली की होईल हलकी. बुचं काढली, गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, कडेला बॅटरी आडवी केली आणि भळाभळा ओतलं सगळं. वर दोन बादल्या पाणी, स्वच्छतेसाठी!

हात चुरचुरले. म्हटलं, साबण बदलायला हवा.

तिसऱ्या दिवशी गडग्याखालचे तात्या दारात. "बाई, चला हो! माझं अळू जळलं सगळं. हे त्या दिगंबरानंच केलंन!"

दिगंबर म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. हद्दीवरून दोघांचा अबोला.

"पुराव्याशिवाय बोलायचं नाही, तात्या," असं म्हणून मी शाळेतले लिटमस कागद घेऊन ऐटीत खाली उतरले. अर्धी वाडी जमलेली. ओल्या मातीत निळा कागद टेकवला. लालभडक!

"अ‍ॅसिड!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले. "कुणीतरी मुद्दाम ओतलंय!"

"दिगंबरच ना?" तात्या म्हणाले.

आणि मी, अहो, मी चक्क मान डोलावली! वर म्हटलं, "शक्यता आहे."

दिगंबर समोरच उभा. पांढरा पडला. "मी? त्या विहिरीचं पाणी माझी पोरं पितात, बाई!"

विहीर अळवापासून दहा पावलांवर. जांभ्या दगडातून पाणी कसं झिरपतं, ते सातवीला मीच शिकवते.

तेवढ्यात तात्यांची बायको, सुमनकाकू, माझा पदर हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, ही चाळणी कशी झाली हो?"

पदराला भोकंच भोकं. परवा बॅटरी ओतताना नेसलेलं तेच पातळ! पाणी मी घालत होते ते अ‍ॅसिडात, हे आता डोक्यात शिरलं.

"तात्या, मीच ओतलं. सोलरच्या बॅटरीतलं. त्यात नुसतं अ‍ॅसिड नाही, शिसंही असतं."

"म्हणजे ते निसर्गाला त्रास न देणारं?" तात्यांनी विचारलं. टोमणा नव्हता हो, खरंच विचारलं. तेच जास्त लागलं.

विहीर बंद केली. पाणी तपासायला पाठवलं. निकाल येईपर्यंत दोन्ही घरांना माझ्या नळाचं पाणी, हंडे मी वाहिले. पाणी चांगलं निघालं तेव्हा मी पायरीवर बसून रडले. खणून काढलेल्या मातीची पोती मात्र अजून माझ्याच पडवीत आहेत. ती न्यायची कुठे, हे कुणी धड सांगत नाही.

आणि ती माती खणायला माझ्याबरोबर कोण आलं असेल? दिगंबर! शेवटचं पोतं शिवून झाल्यावर घाम पुसत म्हणाला, "बाई, एक विचारू? कागदावर अ‍ॅसिड दिसलं ते कळलं. माझं नाव कुठे दिसलं तुम्हाला?"

दर परीक्षेला मी पोरांना बजावते, येत नसलं तरी काहीतरी लिहा, जागा कोरी सोडू नका.

मी कोरी सोडली.