हेल्मेटआडचा गट

तुमसरच्या आमच्या राईस मिलमध्ये संगणक सांभाळायला मोहाडीहून एक गृहस्थ येतात. ऑफिसातही ते हेल्मेट काढत नाहीत. काच वर करून चहा पितात, जणू संगणक कधीही अंगावर धावून येईल!

मिलच्या संगणकात कामांप्रमाणे माणसांचे गट केलेले आहेत; ज्या गटात नाव असेल, तेवढंच काम पडद्यावर उघडतं. काही गट इथेच बनवलेले, काही नागपूरच्या मुख्य यादीतून आपोआप उतरणारे. पहिल्यांपुढे ते ‘घरचा’ लिहितात, दुसऱ्यांपुढे ‘वऱ्हाडी’. "घरच्याले ऊठ म्हटलं का उठते," ते म्हणतात, "वऱ्हाडी नवरदेवाच्या बापाचंच आयकते."

एकदा मॅनेजरसाहेबांचा केसांचा काळा रंग घामाने कपाळावर उतरला आणि मी हसलो. साहेब उसळले. "याले गेटपासच्या गटातून काढा!" ऐन धानाच्या हंगामात गाड्यांचे गेटपास काढायचं माझं काम जाणार होतं.

गृहस्थांनी शांतपणे हेल्मेट काढलं, पडद्याच्या कोपऱ्यावर अडकवलं आणि बटणं बडवली.

"नाही निघत, साहेब. वऱ्हाडी गट हाये. नागपूरले कारण कळवा लागते. काय लिहू?"

साहेबांनी कपाळ पुसलं. काळा झालेला रुमाल पाहिला. "राहू द्या," म्हणाले आणि गेले.

मी हेल्मेट उचललं. त्यामागे पडद्यावर गेटपासच्या गटापुढे ठळक लिहिलं होतं: ‘घरचा’.

"हेल्मेट ठेवा, काका," गृहस्थ म्हणाले, "अन् आता हसू नका. नाहीतर खरंच काढीन."