पोकळ शेंगा

रोपवाटिकेत सगळे तिला बीवाली मावशी म्हणत. मागच्या टेकडीवरच्या रानझुडपांचं बी गोळा करायचं, सुकवायचं, पाखडायचं, हे तिचं काम. सव्वीस वर्षं केलं तिने ते. शेंग कानाशी हलवून आत दाणा भरलाय की नाही, सांगायची.

टेकडीच्या कड्याला मधमाश्यांची पोळी होती. एकदा जावई आला, वर फिरायला गेला आणि तोंड सुजवून परतला. "सासुरवाडीचा पाहुणचार जोरदार आहे," तो हसत म्हणाला, पण मावशीच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्याच पहाटे, माश्या गारठलेल्या असताना, तिने गोदामातलं कीटकनाशक पंपात भरून सगळ्या पोळ्यांवर मारलं. कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात फुलं भरपूर आली, शेंगा मात्र पोकळ. तिसऱ्या वर्षी शेंगाच विरळ झाल्या. जुनी झुडपं वाळली, त्यांच्या बुडाशी नवं रोप उगवेना. मोकळ्या जागेत गवत माजलं. मावशी विचारणाऱ्याला हवेचं कारण सांगायची.

मग झाडांचा अभ्यास करणारी एक मुलगी पाहणीला आली. "गवताचं परागीभवन वाऱ्यावर भागतं," ती म्हणाली. "या झुडपांना माशीच लागते. मावशी, इथे पूर्वी पोळी होती का?"

"माझ्या पाहण्यात तरी नाही."

मुलीने तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सव्वीस वर्षं इथे काम केलेल्या जाणत्या कामगार सांगतात की..." मावशीला भुईने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

चार दिवस ती मुलीची नजर चुकवत राहिली. पाचव्या दिवशी समोर जाऊन उभी राहिली.

"खोड ते, बाई. पोळी होती. मीच मारली."

मुलगी रागावली असती तर सोसलं असतं. तिने फक्त "कधी?" विचारलं आणि ओळ खोडली.

त्या बहरात दोघींनी बारीक कुंचल्याने फुलाफुलाला पराग लावला. माशी सकाळभरात करते तेवढं त्यांना पंधरा दिवसांत जमलं नाही. तरी सोळा झुडपांना भरल्या शेंगा आल्या.

रोपवाटिकेच्या साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, "मावशी नसत्या तर ही झुडपं गेली असती."

टाळ्या पडल्या. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. मावशीने मान वर केली नाही.